केमिकल इंजिनीअरिंग: कॉम्प्युटरवर अख्खा प्लांट उभा राहतो, मग लॅब कशाला हवी?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर नावाचं गाव आहे. भोवती कापूस, सोयाबीन आणि तूर. बारावीचा निकाल लागला, सीईटीचा पर्सेंटाईल हातात आला की अशा गावांमध्ये दरवर्षी तोच कार्यक्रम सुरू होतो. मोबाईलवर कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म उघडला जातो आणि घरातलं, शेजारचं कुणीतरी सल्ला देतं, "कॉम्प्युटर नाही लागलं तर केमिकल टाकून दे."

मग कट-ऑफ बघितला जातो. फी बघितली जाते. होस्टेल, मेस, एसटीचा पास, प्लेसमेंटचं पॅकेज, सगळ्याची चौकशी होते. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: त्या कॉलेजची केमिकलची लॅब चालू आहे का?

आजकाल या प्रश्नाला एक सोपं उत्तर मिळतं. "आता सगळं सॉफ्टवेअरवर होतं. लॅबचं काय घेऊन बसलात?" हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं इतकं चुकीचं आहे की त्यातून नोकरी जाऊ शकते, आणि नोकरी लागलीच तर जीवही जाऊ शकतो.

आधी हे बघू, केमिकल इंजिनीअर करतो काय?

बऱ्याच जणांना वाटतं, केमिकल इंजिनीअर म्हणजे पांढरा कोट घालून टेस्ट ट्यूब हलवणारा माणूस. ते काम केमिस्टचं. केमिस्ट एखादा पदार्थ भांडंभर करून दाखवतो. तोच पदार्थ टनाने, रोज, परवडेल अशा खर्चात आणि कुणाला इजा न होता कसा करायचा, हे केमिकल इंजिनीअर बघतो.

उदाहरण घरचंच घेऊ. अल्लीपूरच्या शिवारात पिकलेलं सोयाबीन बाजार समितीतून पुढे तेलाच्या कारखान्यात जातं. सोयाबीनमध्ये तेल असतं साधारण १८ ते २० टक्के. नुसतं दाबून ते सगळं निघत नाही. म्हणून दाण्याचे पातळ पापुद्रे करतात आणि त्यावरून हेक्झेन नावाचा द्रव सोडतात. हेक्झेन तेल विरघळवून घेतं. मग ते मिश्रण तापवायचं, हेक्झेनची वाफ करायची, ती वाफ थंड करून हेक्झेन परत मिळवायचं आणि पुन्हा वापरायचं. मागे उरतं तेल आणि पेंड.

आता यातली कामं मोजा. द्रव पंपाने फिरवणं, तापवणं, वाफ करणं, थंड करणं, वेगळं करणं. साखर कारखान्यात, औषधांच्या कंपनीत, रिफायनरीत थोड्याफार फरकाने हीच कामं असतात. १९१५ मध्ये आर्थर डी. लिटल या अमेरिकन तज्ज्ञाने या समान कामांना 'युनिट ऑपरेशन' असं नाव दिलं. आजही केमिकलचा अभ्यासक्रम याच पायावर उभा आहे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि पेट्रोलसारखं पेटतं. म्हणजे तेल काढायची ही साधी वाटणारी प्रक्रिया चुकीच्या हातात गेली तर आगीचं कारण होऊ शकते.

विदर्भात हे शिक्षण आलं कसं?

यासाठी फार लांब जायची गरज नाही. वर्ध्याहून नागपूर गाठायचं. तिथे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एलआयटी आहे.

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींमधून श्रीमंत झाले. जाताना त्यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठासाठी सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. १९३० च्या आसपासचे ३५ लाख! अट काय होती, तर हा पैसा उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यावर खर्च व्हावा. त्यातून १९४२ मध्ये एलआयटी उभी राहिली. केमिकल इंजिनीअरिंगबरोबर तेल तंत्रज्ञानासारखे विषयही इथे शिकवले जाऊ लागले. कापूस आणि तेलबियांच्या पट्ट्यात हे स्वाभाविकच होतं. २०२३ मध्ये एलआयटीचं स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर झालं.

त्याआधी मुंबईत १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग सुरू झाला होता. लोक त्याला यूडीसीटी म्हणायचे. आता ती संस्था आयसीटी म्हणून ओळखली जाते. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथेच शिकले. आयसीटीचं एक केंद्र २०१८ पासून जालन्यातही आहे आणि तिथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्गातल्या सत्रांमध्ये उद्योगातली सत्रं गुंफलेली आहेत.

या दोन्ही संस्थांमागे एकच विचार होता: हे शिक्षण नुसतं पुस्तकावर चालत नाही. म्हणून इथे यंत्रं लागतात, पाइप लागतात, वाफ लागते.

लॅबमध्ये नक्की शिकतात काय?

एक साधा प्रयोग घेऊ. हीट एक्स्चेंजर. एका नळीतून गरम पाणी जातं, तिच्या बाहेरून थंड पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पण उष्णता इकडून तिकडे जाते. कारखान्यांत हे यंत्र जिथे तिथे असतं.

समजा गरम पाणी मिनिटाला २ किलो वाहतंय आणि ६० अंशांवरून ५० अंशांवर येतंय. थंड पाणी मिनिटाला ३ किलो वाहतंय आणि २८ अंशांवरून ३४ अंशांवर जातंय. हिशेब केला तर गरम पाण्याने दर मिनिटाला साधारण ८४ किलोज्यूल उष्णता सोडली. थंड पाण्याने घेतली साधारण ७५.

मग मधले ९ किलोज्यूल गेले कुठे?

इथेच खरा अभ्यास सुरू होतो. काही उष्णता नळीबाहेरच्या हवेत गेली असेल. थर्मामीटरचं टोक पाण्याला नीट लागत नसेल. पाणी स्थिर व्हायच्या आधीच रीडिंग घेतलं असेल.   यातलं नेमकं कारण कोणतं, हे शोधायचं असेल तर यंत्राजवळ उभं राहावं लागतं. पाइपला हात लावून बघावा लागतो, व्हॉल्व्ह फिरवावा लागतो, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा रीडिंग घ्यावं लागतं.

पुस्तकात दोन्ही आकडे सारखे येतात. लॅबमध्ये जवळजवळ कधीच येत नाहीत. हा फरक का पडतो हे ज्याला सांगता येतं, त्याला कारखान्यात बिघाड शोधता येतो.

मग कॅड आणि सिम्युलेशन म्हणजे काय?

हे दोन शब्द बरेचदा एकत्र वापरले जातात, पण कामं वेगळी आहेत.

- कॅड म्हणजे चित्र. कॉम्प्युटरवर टाकी, कॉलम, पाइप यांची मापासकट ड्रॉइंग काढणं. ऑटोकॅड हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. केमिकलवाल्यांसाठी इथलं सगळ्यात महत्त्वाचं ड्रॉइंग म्हणजे 'पी अँड आयडी'. कोणत्या पाइपवर कोणता व्हॉल्व्ह, कुठे प्रेशर गेज, कुठे सेफ्टी व्हॉल्व्ह, हे सगळं त्यात असतं. त्याला प्लांटचा सातबारा म्हणा हवं तर.
- सिम्युलेशन म्हणजे हिशेब. एवढा माल आत गेला, एवढं तापमान ठेवलं, तर बाहेर काय आणि किती येईल, हे कॉम्प्युटरकडून काढून घेणं. ॲस्पेन प्लस, हायसिस, डीडब्ल्यूसिम ही त्यातली नावं. ॲस्पेनची सुरुवात १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झाली.

हे दोन्ही यायलाच हवं, यात वाद नाही. आज कोणतीही डिझाइन कंपनी कागदावर पेन्सिलने कॉलम काढत नाही. कॉम्प्युटरवर शंभर पर्याय एका दुपारी तपासता येतात. प्रेशर वाढवून बघायचं, तापमान कमी करून बघायचं, आणि तेही काहीही न उडवता. लॅबमध्ये हे शक्य नाही.

मग अडचण कुठे येते?

स्क्रीन फसवते ती अशी

पेट्रोल पंपावर आता सगळीकडे ई-२० चर्चेत आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. महाराष्ट्रातले साखर कारखाने यात आघाडीवर आहेत. हे इथेनॉल होतं कसं, ते बघितलं की स्क्रीनची गोम कळते.

मळी किंवा उसाचा रस आंबवला की पाणी आणि थोडं इथेनॉल असं मिश्रण मिळतं. ते उंच कॉलममध्ये तापवतात. इथेनॉल आधी उडतं, पाणी मागे राहतं. यालाच ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन म्हणतात.

आता एखादा विद्यार्थी हेच सॉफ्टवेअरवर करायला बसला. सॉफ्टवेअर सुरुवातीला विचारतं: या मिश्रणाचं वागणं कोणत्या नियमाने मोजू? यादीत 'आयडियल' असा एक सोपा पर्याय असतो. विद्यार्थ्याने तोच निवडला. कॉलमला भरपूर ट्रे दिले, बटण दाबलं. उत्तर आलं: ९९.९ टक्के शुद्ध इथेनॉल! हिरवी टिक. कुठलाही एरर नाही. रिपोर्टची प्रिंट काढली, सबमिशन झालं.

प्रत्यक्षात काय होतं? साध्या दाबाला साध्या कॉलममध्ये इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जातच नाही. त्या टप्प्यावर वाफेत आणि द्रवात इथेनॉलचं प्रमाण सारखंच होतं. मग कितीही ट्रे वाढवा, कितीही वाफ जाळा, काटा हलत नाही. याला ॲझिओट्रोप म्हणतात. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं. म्हणून कारखान्यांना पुढे वेगळी यंत्रणा बसवावी लागते. मॉलिक्युलर सीव्ह नावाचे बारीक छिद्रांचे दाणे उरलेलं पाणी शोषून घेतात.

म्हणजे सॉफ्टवेअर खोटं बोललं का? नाही. त्याला जो नियम दिला, त्याने तोच इमानेइतबारे पाळला. योग्य मॉडेल निवडलं असतं, तर त्याच सॉफ्टवेअरने ९५.६ ची भिंत दाखवली असती. पण आकडा संशयास्पद आहे, हे कळायला कधीतरी लॅबमधल्या कॉलमसमोर ताटकळत बसलेलं असावं लागतं. शुद्धता वाढता वाढत नाही, हे बघितलेलं असावं लागतं. ज्याने ते बघितलं, तो ९९.९ बघून दचकतो. ज्याने नाही बघितलं, तो प्रिंट काढतो.

कागदावर असलेला पाइप जागेवर नसतो तेव्हा

ड्रॉइंगचंही तेच आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसं मेली. त्या प्लांटमध्ये सुटलेला वायू जाळून टाकण्यासाठी फ्लेअर टॉवर होता. ड्रॉइंग बघितलं तर टाकीपासून टॉवरपर्यंत पाइप जोडलेला दिसतो. पण त्या पाइपचा गंजलेला तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही बंद होती.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणात विद्यार्थ्याच्या हातात ड्रॉइंग देऊन त्याला लॅबमध्ये फिरवतात. प्रत्येक पाइप बोटाने शोधायचा, प्रत्येक व्हॉल्व्ह कागदाशी ताडून बघायचा. याला लाइन ट्रेसिंग म्हणतात. खर्च शून्य. पण ड्रॉइंग आणि जागा यात फरक असू शकतो, ही सवयीची शंका इथेच मनात बसते.

लिटरचं भांडं आणि हजार लिटरची टाकी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. लग्नाच्या पंगतीत वरणाचा मोठा गंज असतो. वाटीतलं वरण पाच मिनिटांत निवतं, गंजातलं तासाभराने सुद्धा चटका देतं. का?

दहा सेंटिमीटर बाजूचा डबा घ्या. त्यात एक लिटर मावतं. आता बाजू एक मीटर करा. मावतं हजार लिटर. पण डब्याचा बाहेरचा पृष्ठभाग वाढतो फक्त शंभरपट. म्हणजे आतला माल हजारपट झाला आणि उष्णता बाहेर पडायची जागा शंभरपटच झाली. प्रत्येक लिटरच्या वाट्याला आधीच्या एक दशांश जागा आली.

वरणाच्या बाबतीत ही सोय आहे. ज्या रासायनिक क्रियेतून स्वतःच उष्णता निघते, तिथे मात्र हा धोका आहे. लॅबमधल्या लिटरभर भांड्यात जी क्रिया शांतपणे होते, तीच मोठ्या रिॲक्टरमध्ये तापत जाते. तापली की वेग वाढतो. वेग वाढला की आणखी तापते. कूलिंग कमी पडलं तर ती हाताबाहेर जाते. याला 'रनअवे रिॲक्शन' म्हणतात.

१९ डिसेंबर २००७ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात नेमकं हेच झालं. टी-टू लॅबोरेटरीज नावाची छोटी कंपनी पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन बनवायची. छोट्या भांड्यातल्या चाचण्यांमध्ये धोका दिसला नव्हता. मोठ्या रिॲक्टरमध्ये उत्पादन सुरू झालं. ४२ व्या बॅचपासून त्यांनी बॅचचा आकार एक तृतीयांशाने वाढवला. १७५ व्या बॅचला कूलिंग बंद पडलं आणि रिॲक्टर फुटला. चौघे ठार झाले, ३२ जखमी झाले. ठार झालेल्यांपैकी एक कंपनीचा सहमालक होता. तो स्वतः पदवीधर केमिकल इंजिनीअर होता.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने तपास केला. बोर्ड फक्त कंपनीच्या चुका मोजून थांबलं नाही. त्याने थेट कॉलेजांकडे बोट दाखवलं: केमिकल इंजिनीअरिंगच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत अशा क्रियांचा धोका नीट शिकवला जात नाही, तो शिकवा. त्यानंतर तिथल्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेच्या निकषांमध्ये प्रक्रियेतल्या धोक्यांचा समावेश झाला.

एका स्फोटाच्या अहवालात अभ्यासक्रम बदला, अशी शिफारस होते, ही गोष्ट आपल्याकडेही विचार करण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती जवळचा आहे?

२३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला. अनेक कामगारांचा जीव गेला, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. सुरुवातीच्या बातम्यांमध्ये 'बॉयलरचा स्फोट' असं आलं. नंतर सांगण्यात आलं की स्फोट रिॲक्टरमध्ये झाला. त्याआधी ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या कारखान्यात स्फोट आणि आग लागून ११ जणांचा मृत्यू झाला होता.

बॉयलर आणि रिॲक्टर यात फरक काय? बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते. रिॲक्टरमध्ये रासायनिक क्रिया होते. दोघांचे धोके वेगळे आणि ते ओळखायच्या खुणाही वेगळ्या. बातमीत गल्लत झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. प्लांटमध्ये रात्रपाळीला उभ्या असलेल्या पोराची गल्लत झाली तर दुसरा दिवस मिळेलच असं नाही.

अशा छोट्या-मध्यम कारखान्यांमध्ये विदर्भातली, मराठवाड्यातली, खानदेशातली कितीतरी मुलं नोकरीला लागतात. डिप्लोमा किंवा बीटेक झाल्यावर पहिली नोकरी बहुतेकदा शिफ्टमधली असते. रात्री दोन वाजता तापमानाचा काटा वर जायला लागला, तर फोन करायला वेळ नसतो. त्या क्षणी काय करायचं, हे आधी कधीतरी सुरक्षित जागी, शिक्षकांच्या देखरेखीत बघितलेलं असावं लागतं. ती सुरक्षित जागा म्हणजे कॉलेजची लॅब.

मग घोडं अडतं कुठे?

- मोजमापात. एआयसीटीईने २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम आणला आणि पदवीचे क्रेडिट १६० पर्यंत खाली आणले. त्यात एक तास लेक्चरला एक क्रेडिट मिळतं, एक तास प्रॅक्टिकलला अर्धं. दोन तास प्रॅक्टिकल केलं की एका लेक्चरएवढं वजन. साहजिकच मुलं आणि कॉलेज, दोघांचंही लक्ष थिअरीकडे जातं.
- खर्चात. डिस्टिलेशन कॉलम किंवा हीट एक्स्चेंजर एकदा घेऊन भागत नाही. गॅस्केट बदला, पंप दुरुस्त करा, रसायनं आणा, लॅब असिस्टंट ठेवा. कॉम्प्युटर लॅब एकदा थाटली की सगळ्या शाखांना चालते. पैसा कमी असला की कात्री कुठे लागणार, हे सांगायला नको.
- जर्नलमध्ये. ज्यांनी इंजिनीअरिंग केलंय त्यांना हे माहीत आहे. मागच्या वर्षीच्या सीनिअरचं जर्नल आणायचं, रीडिंग थोडी इकडे-तिकडे करायची, ग्राफ काढायचा, सबमिशन करायचं. एक्स्टर्नल आले तर ओरलला दोन व्याख्या. प्रयोगात चुकलं तर मार्क जातात, उतरवून काढलं तर मिळतात. अशा व्यवस्थेत ते हरवलेले ९ किलोज्यूल कुणीच शोधत नाही.
- लायसन्समध्ये. मोठी सिम्युलेशन सॉफ्टवेअर महाग असतात. कॉलेजकडे असली तरी ती कॉलेजच्या कॉम्प्युटरवर असतात. गावाहून ये-जा करणाऱ्या मुलाला शेवटची एसटी पकडायची असते. त्याच्यासाठी ती लॅब चार वाजताच संपते.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांमधल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. त्यामुळे गावातल्या मुलींना इंजिनीअरिंगचं दार उघडलं, ही मोठी गोष्ट आहे. पण फी माफ झाली म्हणून लॅपटॉप येत नाही, आणि बंद पडलेला पंपही चालू होत नाही.

व्हर्च्युअल लॅबने काम भागणार नाही का?

थोडं भागतं. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्पात केमिकल इंजिनीअरिंगचे प्रयोगही ऑनलाइन मोफत करता येतात. लॅबमध्ये जायच्या आधी प्रयोग समजून घ्यायला ही सोय उत्तम आहे. कोविडच्या काळात तर तोच आधार होता.

पण स्क्रीनवरचा पंप कधी हवा धरत नाही. व्हॉल्व्ह जाम होत नाही. वास येत नाही, चटका बसत नाही. व्हर्च्युअल लॅब ही लॅबची तयारी आहे. तिला लॅबच्या जागी बसवलं, तर गाडीचा गेम खेळलेल्या मुलाला हायवेवर सोडल्यासारखं होईल.

खिशाला न परवडणाऱ्यांसाठी काय सोय आहे?

इथे मात्र बातमी चांगली आहे.

डीडब्ल्यूसिम: केमिकल प्रोसेस सिम्युलेशनचं हे मुक्त सॉफ्टवेअर ब्राझीलमधल्या डॅनियल मेडेइरोस यांनी बनवलं. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. एकदा डाउनलोड केलं की इंटरनेट लागत नाही. गावातल्या नेटवर्कचा विचार करता हे महत्त्वाचं आहे.

आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प: मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणण्यासाठी हा प्रकल्प चालतो. यात देशातल्या कोणत्याही कॉलेजचा विद्यार्थी डीडब्ल्यूसिममध्ये एखाद्या प्रक्रियेची फ्लोशीट बनवून पाठवू शकतो. ती तपासली जाते, मान्य झाली तर प्रमाणपत्र आणि मानधन मिळतं आणि काम सगळ्यांना बघायला खुलं होतं. मुलाखतीत "सॉफ्टवेअर येतं" असं सांगण्यापेक्षा हे दाखवणं कधीही वजनदार.

स्पोकन ट्युटोरियल: आयआयटी मुंबईतल्या केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हा उपक्रम उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून करत जायचं, अशी पद्धत. कित्येक विषय मराठीतही आहेत.

ऑटोकॅड: कंपनी विद्यार्थ्यांना शैक्षणिक आवृत्ती मोफत देते. म्हणून नुसतं सॉफ्टवेअर मिळेल या आशेने महागडा क्लास लावायची गरज नाही. क्लास लावायचाच असेल तर तिथे पी अँड आयडी शिकवतात का, हे विचारा. घराचा नकाशा काढता आला म्हणून प्लांटचं ड्रॉइंग वाचता येत नाही.

अप्रेंटिसशिप: केंद्राच्या नॅट्स योजनेतून पदवी किंवा डिप्लोमानंतर एक वर्ष स्टायपेंडसह उद्योगात शिकता येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये जे राहून गेलं, त्याची थोडी भरपाई इथे होते.

ऑप्शन फॉर्म लॉक करण्याआधी हे विचारा

कॉलेज बघायला गेलात तर मुख्य इमारतीसमोर सेल्फी काढून परत येऊ नका. थेट केमिकल विभागात जा आणि विचारा:

१. डिस्टिलेशन कॉलम आणि हीट एक्स्चेंजर चालू आहेत का? आज चालू करून दाखवता येईल का?
२. एका प्रयोगाला किती मुलांचा गट असतो? चार जणांत एकाच्या तरी हाताला व्हॉल्व्ह लागतो. वीस जणांत लागत नाही.
३. सिम्युलेशन कोणत्या वर्षी आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर शिकवतात? कॉलेजची वेळ संपल्यावर ती लॅब वापरता येते का?
४. प्रोसेस सेफ्टी हा विषय सक्तीचा आहे की ऐच्छिक?
५. इंटर्नशिपला मुलं खरंच प्लांटवर जातात, की नुसतं सर्टिफिकेट आणतात? याचं उत्तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारा.

आणि ज्यांनी आधीच प्रवेश घेतलाय, त्यांच्यासाठी एकच काम. पुढच्या प्रॅक्टिकलला मिळालेली खरी रीडिंग घ्या आणि तोच प्रयोग डीडब्ल्यूसिममध्ये करून बघा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. जुळली नाहीत तर जर्नलमध्ये जुळवू नका. का जुळली नाहीत, ते सरांना विचारा.

थोडक्यात सांगायचं तर

लॅब विरुद्ध कॉम्प्युटर हे भांडण मुळात चुकीचं आहे. शंभर पर्याय तपासायला कॉम्प्युटर हवा, आणि त्याच्या शंभर उत्तरांपैकी कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, हे कळायला लॅब हवी. सॉफ्टवेअरची बाजू आता मोफत आणि घरबसल्या भरून काढता येते. अल्लीपूरच्या मुलीकडे साधा लॅपटॉप असला तरी ती मुंबईच्या मुलाच्या बरोबरीने सिम्युलेशन शिकू शकते. चालू स्थितीतला कॉलम आणि गरम पाइप मात्र तिला घरी मिळणार नाही. तो कॉलेजनेच द्यायचा आहे.

म्हणून कॅप राउंडच्या रांगेत "केमिकल टाकून दे" असं कुणी म्हणालं, तर जरूर टाका. फक्त त्याआधी लॅबचं कुलूप उघडायला सांगा आणि पंप चालू होतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.